चित्र भिंतीवर, आवाज कुठून?

गेल्या काही वर्षांत आपल्या घरांत प्रोजेक्टर येऊ लागला आहे. पूर्वी तो शाळेत, ऑफिसात नाहीतर शादीच्या हॉलमध्ये दिसायचा. आता तो टीव्हीच्या किमतीत मिळतो आणि बैठकीच्या खोलीत एक पांढरी भिंत रिकामी असली की काम भागते. ज्यांच्या घरी तो आला आहे त्यांच्याशी बोलून पाहा. चित्र किती इंची पडते, दिवसा दिसते का, बल्ब किती वर्षे चालतो, हे सगळे हौसेने सांगतात. आवाज कुठून येतो असे विचारले की मात्र जरा थांबतात. ‘‘त्याच्यातूनच येतो ना,’’ असे उत्तर मिळते.

येतो खरा. पण प्रोजेक्टर असतो आपल्या डोक्यामागे किंवा छताला, आणि बोलणारा माणूस असतो समोरच्या भिंतीवर. तोंड पुढे आणि आवाज पाठीमागे, अशी ही गंमत आहे. टीव्हीत चित्र आणि आवाज एकाच डब्यात राहतात, म्हणून तिथे हा प्रश्न कधी पडत नाही. प्रोजेक्टर आणला की दोघांची ताटातूट होते. त्यांना कोणत्या वायरीने, कोणत्या वाटेने न्यायचे, हे घेणाऱ्यालाच ठरवावे लागते.

मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. विज्ञान माझा विषय नाही. तरीही या वायरींचा मला वहीची पाने भरून अभ्यास करावा लागला, त्याला कारण आमचे अब्बा.

लूमने नेलेली अक्षरे

अब्बांनी मालेगावच्या पॉवरलूम कारखान्यांत पस्तीस वर्षे काढली. आधी कारीगर, मग जॉबर. ज्यांनी लूमची शेड आतून पाहिली आहे त्यांना तो खडखडाट सांगायला नको. तिथला आवाज नव्वद डेसिबलच्या वर असतो. शेजारच्या माणसाशी बोलायचे तर कानाला तोंड लावावे लागते, नाहीतर हाताच्या खुणा आणि ओठांवर काम चालवावे लागते. इंग्लंडमध्ये लँकेशायरच्या कापडगिरण्यांत तर कामगारांनी ओठ मोठे हलवून बोलण्याची एक बोलीच केली होती. तिला तिथे ‘मी-मॉ’ म्हणत. आमच्या गल्लीत तिला काही नाव नव्हते, पण ती सगळ्यांना येत होती.

अशा आवाजात वर्षे काढली की कान एकदम जात नाही, कुरतडला जातो. सगळ्यात आधी जातात ते उंच पट्टीचे, बारीक आवाज. आता भाषेच्या शिक्षिकेला हे लगेच कळते. आपल्या बोलण्यात आ, ओ, ऊ हे स्वर खालच्या पट्टीत असतात, दमदार असतात. स, श, फ, त, थ ही व्यंजने वरच्या पट्टीत आणि नाजूक असतात. स्वर बोलण्याला जोर देतात आणि व्यंजने अर्थ देतात. वरची पट्टी गेली की माणसाला बोलणे ऐकू येते, पण समजत नाही. ‘शाम’ म्हटले की ‘काम’ की ‘थाम’, हे उरलेल्या वाक्यावरून ताडावे लागते. म्हणूनच घराघरांतले वडीलधारे म्हणतात, ‘‘आवाज आता है, लफ्ज नहीं आते.’’ ही तक्रार अगदी शास्त्रशुद्ध आहे.

यावर आवाज वाढवणे हा उपाय नाही. आवाज वाढवला की जे आधीच ऐकू येते तेच आणखी मोठे होते. शिवाय असा कान मोठा आवाजही नीट सोसत नाही. थोडा वाढवला तर कमी वाटतो, आणखी वाढवला तर एकदम टोचतो. आमच्याकडे टीव्हीचा आवाज वाढला की भाभींचे डोके दुखायचे, लहान बाळ दचकून उठायचे, आणि अब्बांना तरीही बातमी कळायची नाही. मग ते शांतपणे उठत. ‘‘तुम लोग देखो, मैं जरा बाहर बैठता हूँ.’’ मगरिबनंतर सगळे घर आत आणि अब्बा ओट्यावर, हे रोजचे झाले. सगळ्यांना ते दिसत होते, पण उपाय सापडत नव्हता.

अशात भाईजानने प्रोजेक्टर घ्यायचे ठरवले. आमचे गाव तसे पडद्याचे वेडे. इथे जुम्म्याला लूम बंद असतात आणि त्या दिवशी सिनेमाची गर्दी ठरलेली. ‘मालेगाव के शोले’ याच गावात बनला. भाईजानचे म्हणणे होते की एवढे मोठे चित्र दिसले की अब्बाही आत येऊन बसतील. मी म्हटले, अब्बांचे डोळे चांगले आहेत. ते उठून जातात ते कानामुळे. मोठे चित्र त्यांना बसवणार नाही, नीट ऐकू येणारा शब्द बसवेल. खरेदीआधी मला एक आठवडा दे.

घरात काय पाहावे आणि काय पाहू नये, हे प्रत्येक घराने आपापले ठरवावे. बातम्या असोत, मुशायरा असो, क्रिकेट असो की मुलांच्या अभ्यासाचे व्हिडिओ, वायर सगळ्यांना सारखीच लागते.

आधी सुतळी, मग केबल

पहिले काम केले ते मोजमापाचे. शंभर इंची चित्र म्हणजे साधारण २२१ सेंटीमीटर रुंद आणि १२५ सेंटीमीटर उंच. आम्ही पाहिलेल्या प्रोजेक्टरला तेवढे चित्र पाडायला भिंतीपासून दहा-साडेदहा फूट मागे जावे लागत होते. भाईजानला वाटले, बारा फुटांची केबल पुरे. पण केबल हवेतून जात नाही, भिंतीवरून जाते. मी पतंगाची फिरकी धरावी तशी भाच्याच्या हातात सुतळीचे बंडल दिले आणि खरी वाट मोजली. पडद्याखालच्या कपाटापासून कोपऱ्यापर्यंत चार फूट, कोपऱ्यातून वर आठ, छताच्या कडेने मागे दहा, तिथून छताच्या मध्यापर्यंत पाच, आणि दोन्ही टोकांना मिळून तीन फूट सैल. झाले तीस फूट, म्हणजे नऊ मीटरच्या वर. बारा आणि तीस यांत केवढा फरक आहे! कितीतरी घरांत महागडी यंत्रे येतात आणि केबल अपुरी पडते, ती या हिशेबामुळे.

मग प्रोजेक्टरच्या पाठीवरची भोके समजून घेतली. शाळांमध्ये अजून दिसते ते निळे, पंधरा पिनांचे व्हीजीए. हे १९८७ सालचे. ते फक्त चित्र नेते, आवाज नेतच नाही. पिवळी, पांढरी, लाल अशी तीन रंगांची एव्ही पिन आपण सगळ्यांनी डीव्हीडीच्या काळात लावली आहे. त्यात पिवळीतून चित्र, पांढरीतून डावा आवाज आणि लालमधून उजवा. चित्र जुन्या टीव्हीच्या दर्जाचे येते. मोठ्या भिंतीवर ते धुरकट दिसते, पण जुन्या गोष्टींसाठी ही पिन अजून लागते. आणि तिसरे एचडीएमआय, जे २००२ साली आले. एकाच वायरीतून चित्र आणि आवाज दोन्ही जातात. आज घरासाठी मुख्य वायर हीच.

एचडीएमआय केबल घेताना दुकानात दोन गोष्टी ऐकायला मिळतात. एक, ‘‘नव्या व्हर्जनची घ्या.’’ खरे तर व्हर्जनचा आकडा यंत्राला असतो. केबलचे दर्जे वेगळे असतात : हाय स्पीड, प्रीमियम हाय स्पीड आणि अल्ट्रा हाय स्पीड. प्रीमियम केबल सेकंदाला १८ गिगाबिट आणि अल्ट्रा ४८ गिगाबिट माहिती नेऊ शकते. केबलवर हा दर्जा छापलेला पाहावा. दुसरे, ‘‘भारी केबलने रंग खुलतात.’’ तसे होत नाही. यातून आकडे जातात, रंग नाहीत. केबल एक तर नीट चालते, नाहीतर अडखळते. अडखळली की चित्रावर पांढरे ठिपके चमकतात, मधेच पडदा काळा होतो. रंग फिके पडत नाहीत. त्यामुळे चालणाऱ्या केबलच्या जागी दुप्पट किमतीची लावून चित्र उजळणार नाही.

पैसे कुठे घालायचे ते लांबी ठरवते. १९२० गुणिले १०८० ठिपक्यांच्या चित्राला दहा मीटरची चांगली तांब्याची केबल सहसा पुरते. ४के चित्रात ठिपके चौपट असतात. सेकंदाला साठ चित्रे या वेगाने ते न्यायचे तर पाच-सहा मीटरच्या पुढे साध्या तांब्याच्या केबलचा भरवसा राहत नाही. तिथे आतून काचेचा धागा असलेली ऑप्टिकल एचडीएमआय केबल लागते. तिला दिशा असते. एका टोकावर ‘सोर्स’ आणि दुसऱ्यावर ‘डिस्प्ले’ लिहिलेले असते. उलटी बसवली तर चित्र येतच नाही, आणि भिंतीत बसवल्यावर हे कळले तर काय होईल ते सांगायला नको.

आम्ही १०८०चा प्रोजेक्टर आणि दहा मीटरची प्रीमियम केबल घेतली. इलेक्ट्रिशियनला आधी हात लावू दिला नाही. केबल जमिनीवर पसरून दोन दिवस चालवून पाहिली, मग भिंतीवर रुंद केसिंग पट्टी मारून तिच्यात बसवली. घराचे प्लास्टर चालू असेल आणि पाइप आत टाकायचा असेल तर तो दीड इंची तरी टाकावा. एचडीएमआयचे डोके रुंद असते, विजेच्या वायरीच्या बारीक पाइपात वळणावर अडकते. पाइपात एक जादा दोरीही सोडून ठेवावी. पुढे केबल बदलायची झाली तर ती ओढून घेता येते.

आवाजाला वर पाठवूच नका

आता मुख्य गोष्ट. शाळेत आमच्या वर्गात प्रोजेक्टर मागच्या बाकांवर, छताला आहे. सुरुवातीला आवाज त्याच्याच छोट्या स्पीकरमधून यायचा. कविता समोर दिसायची आणि ऐकू यायची मागून. मागची मुले ऐकायची, पुढची मान वळवायची. फळ्याजवळ स्पीकर ठेवला त्या दिवसापासून मुले समोर बघायला लागली. चांगले कान असलेल्या दहा-बारा वर्षांच्या मुलांची ही गत, तर अब्बांचे काय होणार?

म्हणून मी कागदावर पहिला नियम लिहिला : जिथे चित्र दिसते तिथूनच आवाज आला पाहिजे. आणि त्यासाठी दुसरा : चित्राला तीस फुटांवर पाठवा, आवाजाला खाली कपाटातच उतरवून घ्या.

हे करायचे तीन मार्ग आहेत. पहिला एआरसीचा. २००९ साली एचडीएमआयमध्ये ही सोय आली. ज्या केबलने चित्र वर जाते त्याच केबलने आवाज उलटा खाली साउंडबारकडे येतो. टीव्हीला हे छान. पण कितीतरी प्रोजेक्टरमध्ये ही सोय नसते, आणि असली तरी एखाद्याच भोकाला असते. त्या भोकाशेजारी ‘एआरसी’ अशी अक्षरे आहेत का ते घेण्याआधी बघावे. दुसरा मार्ग, ज्या साउंडबारला किंवा ॲम्प्लिफायरला एचडीएमआयची आत येणारी आणि बाहेर जाणारी अशी दोन्ही भोके आहेत तो घ्यायचा. सेट-टॉप बॉक्स त्यात लावायचा. तो आवाज स्वतःकडे ठेवतो आणि चित्र पुढे पाठवतो. तिसरा मार्ग सगळ्यात स्वस्त. ऑडिओ एक्स्ट्रॅक्टर नावाची हातात मावणारी डबी मिळते. तिच्यात एचडीएमआय जाते, एचडीएमआय निघते, आणि आवाज बाजूला वेगळा मिळतो.

आम्ही तिसरा घेतला, तोही तीन आत आणि एक बाहेर अशा स्विचसकट. सेट-टॉप बॉक्स, इंटरनेटची स्टिक आणि जुना डीव्हीडी प्लेअर तिन्ही कपाटातच राहिले. डबीला आवाजाची दोन भोके आहेत. एक ऑप्टिकल, ज्यातून लाल उजेडाने आवाज जातो. ते साउंडबारला. दुसरे हेडफोनच्या पिनचे साधे भोक. ते अब्बांसाठी. त्याबद्दल पुढे सांगते.

इथे दोन सूचना. हल्लीच्या प्रोजेक्टरमध्ये ॲप आतच असतात. ती सोयीची वाटतात, पण तिथून काही लावले की आवाज पुन्हा वर छतापाशी जन्मतो आणि त्याला खाली आणायची खटपट सुरू होते. म्हणून स्टिक वेगळी घेऊन खाली लावलेली बरी. दुसरी सूचना, स्टिक आणि बॉक्सच्या सेटिंगमध्ये आवाज ‘पीसीएम’ किंवा ‘स्टिरिओ’ करावा. ऑप्टिकल वायरीतून दोन चॅनेलचा साधा आवाज जातो किंवा डॉल्बी डिजिटलसारखा दाबून बांधलेला पाच चॅनेलचा जातो. बांधलेला आवाज उघडता न येणारे यंत्र गप्प बसते. शिवाय त्या पाच चॅनेलमध्ये संवाद मधल्या चॅनेलवर असतात. आपल्याकडे मधला स्पीकर नसताना यंत्राला तसे सांगितले नाही, तर गाणी दणकून आणि बोलणे पुटपुटल्यासारखे, अशी अवस्था होते. अब्बांसारख्यांना नेमके तेच नको असते.

‘ये आदमी झूठ बोल रहा है’

साउंडबार घ्यायला आम्ही अब्बांना बरोबर नेले. दुकानदाराने ब्लूटूथवर लावून दाखवला. एकही वायर नाही. भाईजान खूश. पडद्यावर बातमीदार बोलत होता. अब्बा थोडा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, ‘‘ये आदमी झूठ बोल रहा है. मुँह कुछ और, आवाज कुछ और.’’

आम्हाला काहीच वेगळे वाटले नव्हते. अब्बांना वाटले, कारण ते कानापेक्षा डोळ्यांनी जास्त ऐकतात. तसे पाहिले तर आपण सगळेच थोडे डोळ्यांनी ऐकतो. १९७६ साली हॅरी मॅकगर्क आणि जॉन मॅकडोनाल्ड यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. आवाज ‘बा’चा आणि ओठ ‘गा’ म्हणणारे, असे चित्र दाखवले तर लोकांना ‘दा’ ऐकू येते. ना कानाने ऐकलेले, ना डोळ्यांनी पाहिलेले, असे तिसरेच अक्षर मेंदू तयार करतो. ओठ आणि आवाज यांची जोडी इतकी घट्ट आहे.

ब्लूटूथवर आवाज आधी बांधला जातो, हवेतून जातो आणि पलीकडे उघडला जातो. यात बहुधा शंभर ते अडीचशे मिलिसेकंद जातात. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या मोजणीनुसार आवाज ४५ मिलिसेकंद आधी किंवा १२५ मिलिसेकंद उशिरा आला की पाहणाऱ्याला तो खटकू लागतो. ही मर्यादा सरसकट सगळ्यांची. ज्याचे सगळे समजणेच ओठांवर अवलंबून आहे, त्याला त्याहून कमी फरकही अडवतो. गाणी ऐकायला ब्लूटूथ उत्तम आहे. पण चेहरा बघत बोलणे ऐकायचे असेल तर वायरच हवी.

यात आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. आवाज लवकर येत असेल तर इलाज आहे. प्रोजेक्टर चित्र तयार करायला थोडा वेळ घेतो, तेव्हा आवाज पुढे धावतो. साउंडबारच्या सेटिंगमध्ये ‘ऑडिओ डिले’ किंवा ‘लिप सिंक’ असते, त्याने त्याला मागे ओढता येते. पण उशिरा येणाऱ्या आवाजाला पुढे ढकलण्याचे बटण नसते. म्हणून वायर निवडताना आवाजाची वाट शक्य तितकी छोटी ठेवावी. आम्ही प्रोजेक्टरही गेम मोडवर ठेवला. त्यात चित्रावरची सजावट कमी होते आणि ते लवकर पडते.

अब्बांची वायर

साउंडबार समोर आला, आवाज ओठांबरोबर आला. तरी सगळ्यांना सोसेल एवढ्या आवाजात अब्बांना अर्धेच कळत होते. डॉक्टरांकडून कानाची तपासणी करून घेतली. आलेखात वरच्या पट्टीची रेघ खोल गेलेली दिसत होती. कानातले मशीन मिळाले, पण मशीन जवळच्या बोलण्याला जास्त उपयोगी. बारा फुटांवरून आवाज येतो तेव्हा पंख्याची घरघर, पोरांची कुजबुज आणि भांड्यांचा आवाज, सगळे त्याबरोबर मिसळून येते. मशीन त्यांनाही मोठे करते.

म्हणून डबीचे ते दुसरे भोक. त्याला हेडफोनचा लहानसा ॲम्प्लिफायर लावला आणि तिथून एक लांब वायर अब्बांच्या खुर्चीपर्यंत आणली. कान झाकणारे हेडफोन. आवाजाचे बटण अब्बांच्या हातात. साउंडबार सगळ्यांसाठी आपल्या मापाने चालू राहतो आणि अब्बा आपल्या मापाने ऐकतात. एकाने वाढवले म्हणून दुसऱ्याचे डोके दुखत नाही. खोलीतली घरघर मधे येत नाही. कितीतरी टीव्हींमध्ये हेडफोन लावला की बाकीचा आवाज बंद होतो, त्यामुळे हे जमत नाही. डबीतून दोन्ही एकदम मिळतात.

अब्बा आधी कुरकुरले. ‘‘सब के सामने कान पर ये टोकरी?’’ मग भाच्याने आपलेही हेडफोन गळ्यात अडकवले आणि त्यांच्याशेजारी बसला. आता ती ‘दादांची वायर’ आहे आणि तिला कोणी हात लावत नाही. ज्यांना वायर पायात येईल अशी भीती वाटते त्यांनी टीव्हीसाठीचे, रेडिओलहरींवर चालणारे बिनवायरचे हेडफोन बघावेत. ते ब्लूटूथसारखे मागे पडत नाहीत. पण दुकानात ओठ बघूनच घ्यावेत, आणि ज्याला घ्यायचे त्यालाच बरोबर न्यावे. आवाज मोठा ठेवून तासन्‌तास ऐकले तर उरलेल्या कानालाही धोका असतो, म्हणून कमाल मर्यादा किती ठेवावी हे डॉक्टरांना विचारून घ्यावे.

डीव्हीडीवरची शादी

तिसऱ्या भोकातला जुना डीव्हीडी प्लेअर आपाच्या शादीसाठी ठेवला होता. १९९४ सालची कॅसेट, नंतर कधीतरी डीव्हीडीवर उतरवलेली. प्लेअरला फक्त तीन रंगांच्या पिना. त्याला एव्हीमधून एचडीएमआय करणारी डबी लावली. बाजारात एचडीएमआयमधून एव्ही करणारी डबीही अगदी तशीच दिसते आणि ती उलट्या दिशेची असल्याने इथे चालत नाही. डबीवर बाण कोणत्या बाजूला आहे ते बघून घ्यावी. चित्र चारास तीनच्या मापावर ठेवावे, नाहीतर सगळे वऱ्हाड जाडजूड दिसते.

त्या काळच्या शूटिंगवाल्यांची रीत तुम्हाला ठाऊक असेल. मूळ आवाज काढून वर सिनेमाची गाणी चढवत. त्यामुळे डीव्हीडीत अम्मी होत्या, त्यांचा आवाज नव्हता. अम्मींना जाऊन नऊ वर्षे झाली. दस्तरखानाजवळ उभ्या राहून त्या कुणाला तरी काही सांगत होत्या. कॅमेरा त्यांच्या चेहऱ्यावर थोडा वेळ थांबला होता. शंभर इंची भिंतीवर तो चेहरा केवढा मोठा, आणि वर शहनाई. आम्ही सगळे कान असलेले लोक नुसते बघत होतो.

अब्बांनी हेडफोन काढून मांडीवर ठेवला आणि म्हणाले, ‘‘कह रही है, पहले बच्चों को पानी पिलाओ.’’

भाईजानने मागे नेऊन पुन्हा लावले. अब्बांनी पुन्हा तेच सांगितले. पुढच्या दोन-तीन ठिकाणीही ते सांगत गेले. ते सगळे ओठांवरूनच वाचले की चाळीस वर्षांच्या सोबतीमुळे ताडले, हे मी सांगू शकत नाही. पण अम्मी हेच म्हणत असणार, यात घरातल्या कुणालाच शंका नव्हती. त्या संध्याकाळी सगळ्यांना ऐकून सांगणारे एकटे अब्बा होते.

शेवटी खरेदीचा क्रम

घरी प्रोजेक्टर आणायचा विचार असेल तर आधी घरातली माणसे मोजा. कुणाला कमी ऐकू येते, कुणाला मोठा आवाज सोसत नाही, बाळ कुठे झोपते, हे लिहून काढा. मग सुतळीने भिंतीवरून वाट मोजा. मग आवाज कुठे वेगळा करायचा ते ठरवा. त्यानंतर केबल आणि सगळ्यात शेवटी प्रोजेक्टर. बहुतेक घरांत हा क्रम उलटा असतो. सगळा पैसा यंत्रावर जातो आणि वायरींसाठी उरते ते दुकानदाराच्या मर्जीवर. आमच्या घरी डबी, ऑप्टिकल वायर, ॲम्प्लिफायर आणि हेडफोन मिळून जो खर्च झाला तो प्रोजेक्टरच्या किमतीपुढे किरकोळ होता.

एक बारीक गोष्ट राहिली. पिनांच्या वायरींतून ‘घूं’ असा सततचा आवाज येत असेल तर बहुधा घोटाळा अर्थिंगचा असतो. कपाटातली सगळी यंत्रे एकाच बोर्डवर घ्यावीत, आवाजाच्या वायरी विजेच्या वायरींपासून दूर ठेवाव्यात. ऑप्टिकल वायरीतून वीजच जात नाही, त्यामुळे तिच्या वाटेने ही घरघर येत नाही.

दर जुम्म्याला आता मागची रांग मुलांची असते. पुढे, पडद्यासमोर, अब्बांची खुर्ची असते. क्रिकेट चालू असले की समालोचकाचे एखादे वाक्य पोरांच्या गोंगाटात बुडते आणि कुणीतरी ओरडते, ‘‘दादा, क्या बोला?’’ अब्बा सांगतात.